गाडीतील गडगडाटाचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो त्या मानाने लहान, किंबहुना काहींना क्षुल्लकही वाटेल. तो विषय म्हणजे गाडीत बसल्यावर अंगाला जाणवणारा कंप आणि कानाला जाणवणारा आवाज. परंतु ज्याने आयुष्याची पुंजी खर्चून मोठी गाडी दारात आणली आणि पहिल्याच प्रवासात ज्याचे डोके भणभणून गेले, त्याला विचाराल तर तो हा विषय क्षुल्लक म्हणणार नाही.

असे एक गृहस्थ माझ्या स्नेह्यांपैकी आहेत. त्यांचे मूळ गाव माणगावच्या बाजूला. वृद्ध मातोश्रींना वर्षातून दोनदा तरी गावी न्यावे, म्हणून त्यांनी ऐसपैस, तीन रांगांची, डिझेलवर चालणारी एसयूव्ही घेतली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचा जलाशय आणि पुढे ताम्हिणी असा रस्ता धरला. सपाटीला सारे ठीक होते. घाटातला चढ लागला आणि गाडीत एक विलक्षण घुमारा सुरू झाला. तो ऐकू येण्यापेक्षा कानावर दाबल्यासारखा वाटे. मागच्या रांगेत बसलेल्या मातोश्रींनी दोन्ही कानांवर पदर घेतला. गंमत अशी की, मधल्या रांगेतील मुले म्हणत, "आजी, आम्हांला तर काहीच त्रास होत नाही!" परतीच्या वेळी दुसऱ्या, मोठ्या रस्त्याने आले, तेव्हा ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास सुकाणूचे चाक हातात थरथरू लागले. दुरुस्तीच्या ठिकाणी गेल्यावर उत्तर मिळाले, "साहेब, या गाडीचे असेच असते." मातोश्रींनी मात्र घरी सांगून टाकले की, यापुढे मी एस. टी. ने जाईन.

"असेच असते" हे उत्तर किती खरे आणि किती खोटे, हे पाहावयाचे तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल. गाडीच्या आवाजाचा इतिहास हा चाकाइतकाच जुना आहे.

सह्याद्रीच्या घाटवाटांवर पूर्वी चाक फिरतच नव्हते. माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आणि माणूस पायी, घोड्यावर किंवा पालखीतून जाई. पुणे आणि मुंबई यांच्यामधील बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, खुला झाला. देशावरच्या बैलगाडीला ना कमान, ना गादी. लाकडी तुंबा, लाकडी आरे आणि वर लोखंडी धाव. दगडावर चाक आपटले की तो धक्का आरे, कणा आणि साटी यांतून थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. परंतु त्या खडखडाटाला एक अर्थ होता. कणा करकरू लागला की वंगण संपले, धाव खणखणू लागली की ती ढिली झाली, हे गाडीवान डोळे मिटूनही सांगत असे. आवाज हा त्याचा शत्रू नव्हता, निरोप्या होता. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण शेवटी आपल्याला तिच्याकडेच यावयाचे आहे.

धक्का कमी करण्याचा पहिला मोठा उपाय म्हणजे पोलादी पाटे. इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट याने १८०४ मध्ये दोन कमानी समोरासमोर जोडलेल्या पाट्यांचे पेटंट घेतले आणि घोडागाड्या एकदम हलक्या झाल्या. आपल्याकडील टांगा हे त्याच पाट्यांचे लेकरू. दुसरा उपाय म्हणजे हवा भरलेली रबरी धाव. तिची कल्पना रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्येच मांडली होती, पण ती व्यवहारात आणली जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये. येणेप्रमाणे रस्त्याकडून येणाऱ्या धक्क्यावर माणसाने निम्मा विजय मिळविला, तोच गाडीच्या पोटात एक नवा शत्रू येऊन बसला. तो म्हणजे इंजिन.

चार नळकांड्यांच्या इंजिनात दट्टे वरखाली धावतात. दोन वर जात असता दोन खाली येतात, म्हणून त्यांचा तोल साधला असे वाटते. परंतु दट्ट्याची गती वरच्या टोकाजवळ खालच्यापेक्षा अधिक जलद असते, आणि त्यामुळे दर फेऱ्याला दोन हिसके शिल्लक राहतात. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०४ च्या सुमारास, त्यावर उपाय शोधला. इंजिनाच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन वजनदार दांडे बसवून त्याने हिसक्याला हिसक्याने उत्तर दिले. मित्सुबिशी कंपनीने १९७५ च्या सुमारास हीच युक्ती पुन्हा वर काढली, आणि आजही अनेक गाड्यांत ती वापरली जाते.

पहिल्या मोटारी उघड्या होत्या, तोवर आवाज वाऱ्यावर जाई. १९२० नंतरच्या दशकात बंद मोटारी सर्रास झाल्या, पाठोपाठ छपराचाही पत्रा आला, आणि मोटार म्हणजे चाकांवरचा एक ढोल झाला! इंजिन वाजवणारा आणि आपण ढोलाच्या आत. तेव्हा १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन चौकटीला घट्ट न आवळता रबराच्या ठोकळ्यांवर असे टेकविले की, ते आपल्याच आसाभोवती खुशाल डोलावे आणि चौकटीला त्याचा पत्ताही लागू नये. फ्रान्सच्या सीत्रोएनने लगेच त्याचा परवाना घेतला. आज आपल्या गाडीत ज्यांना 'माउंटिंग' म्हणतात, ते त्याचेच वंशज. त्याच दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी पुढील आणि मागील स्प्रिंगांचा मेळ कसा असावा याचे प्रयोग केले. गाडीचे डोलणे दर सेकंदाला एक ते दीड आंदोलनाच्या आसपास असावे, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या लयीशी ते जुळते, हा तेव्हापासूनचा दंडक आहे. सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांचा उभा कंप मात्र आपल्या धडाला मुळीच सोसत नाही. उलट पाच सेकंदांतून एखादे येईल अशा संथ हेलकाव्याने पोट ढवळते. घाटात ज्याला आपण 'गाडी लागणे' म्हणतो, ते हेच. म्हणून धक्का घालविण्यासाठी गाडी वाटेल तितकी मऊ करून चालत नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. त्या काळच्या गाड्यांच्या खिडक्यांचा नाद पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीप ही लष्करात जन्मलेली गाडी. तिच्यात शांततेची अपेक्षा कोणी करीतच नसे. १९६६ मध्ये पुण्यात वाहन-संशोधनाची 'एआरएआय' ही संस्था निघाली. कोथरूडच्या टेकडीवरील तिच्या प्रयोगशाळांत आवाज आणि कंप यांचेही मोजमाप होते. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो, १९९८ मध्ये सफारी, २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ या गाड्या आल्या. जीपच्या या नातवंडांना खेडे आणि शहर दोन्ही सांभाळावयाचे होते. त्यांची रचना शिडीसारख्या पोलादी चौकटीवर रबरी बुशांच्या आधाराने बसविलेल्या सांगाड्याची. २०११ मध्ये चाकणहून निघालेल्या एक्सयूव्ही ५०० मध्ये चौकट आणि सांगाडा एकजीव झाले. दोन्ही पद्धतींत गुण आहेत. शिडीची चौकट खड्डे सोसते, पण धक्क्यानंतर तिचा वरचा सांगाडा क्षणभर थरथरत राहतो. एकजीव सांगाड्यात ही थरथर कमी, पण रस्त्याचा आवाज पत्र्यातून सरळ आत येण्यास वाट असते.

मग गाडी जितकी मोठी तितकी शांत, असे का होत नाही? याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. चार नळकांड्यांचे इंजिन दर फेऱ्याला दोनदा हुंकारते. मिनिटाला १७५० फेरे होत असतील, तर सेकंदाला सुमारे ५८ हुंकार झाले. आता गाडीची बंद खोली आतून ३ मीटर लांब धरा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. अशा खोलीतील हवेचे स्वतःचे पहिले आंदोलन सेकंदाला ५७ ते ५८ इतकेच येते! इंजिनाचा हुंकार आणि खोलीचा स्वभाव जुळले, की झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्याप्रमाणे आवाज वाढत जातो. लहान गाडीची खोली आखूड. तिचे हे जुळणे वरच्या फेऱ्यांवर होते, आणि तिथे आपण क्वचितच जातो. मोठ्या गाडीत ते नेमके घाट चढण्याच्या फेऱ्यांवर येते. त्यातच भर म्हणून लांबरुंद छप्पर आणि मागचे भले मोठे दार ही दोन आयती कातडी. शिवाय अशा आंदोलनात दाब दोन्ही टोकांना अधिक आणि मध्यभागी सर्वांत कमी असतो. आजींना त्रास का झाला आणि नातवंडांना का झाला नाही, हे आता वेगळे सांगावयास नको.

माझ्या स्नेह्यांनी आधी लोकांच्या सांगण्यावरून दारांत डांबरी आणि रबरी पट्ट्या चिकटविल्या, जाड गालिचे घातले. पैसे गेले, घुमारा राहिला. कारण असे अस्तर टायरांचा सूं-सूं आवाज आणि पत्र्याची तडतड मारते. ५८ आंदोलनांच्या घुमाऱ्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "दादा, हा आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर?" स्नेह्यांनी वही घेतली आणि मुलाला शेजारी बसवून नोंद केली. घुमारा तिसऱ्या गिअरमध्ये असो वा चौथ्यात, १७५० फेऱ्यांवरच येई. म्हणजे तो इंजिनाचा. सुकाणूची थरथर मात्र फेरे कितीही असोत, ताशी ९५ किलोमीटरलाच येई. म्हणजे ती चाकांची. दुखणे एक नव्हतेच, दोन होती. गाडी वर उचलून पाहता धुराड्याच्या नळीचे एक रबरी टांगणे सरकून नळी चौकटीच्या आडव्या पट्टीला टेकलेली आढळली. रबराचे ठोकळे जो कंप अडवीत होते, तो ही नळी चोरवाटेने आत पोचवीत होती. चाकांचा तोल पुन्हा साधला, आणि विक्रीपूर्वी फार दिवस एकाच जागी उभी राहिल्याने एका बाजूने चपटलेले एक टायर बदलून घेतले. घुमारा नाहीसा झाला नाही, पण सोसण्याजोगा झाला. मातोश्री पुढच्या होळीला त्याच गाडीने, मधल्या रांगेत बसून, गावी गेल्या.

या कथेतून जे घ्यावयाचे ते थोडक्यात सांगतो. प्रथम टायरांतील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे का पाहावे. नवी गाडी ताब्यात घेताना ती पुष्कळदा अधिक भरलेली असते. मग आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या आसनावर येतो ते लिहून ठेवावे. त्याच जातीची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. तिच्यात तो आवाज नसेल, तर "असेच असते" हे उत्तर खोटे ठरते. आणि असेल, तर निदान आपले पैसे पट्ट्यांत तरी जात नाहीत. मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा, त्याचे सांधे, इंजिनाचे ठोकळे आणि नळीची टांगणी ही मग क्रमाने तपासावी. अस्तर शेवटी. दारांत ते लावताना तळाची पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत. ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला गंज म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि शोध घेताना उतारावर गाडी कधीही गिअरबाहेर काढू नये. तो प्रयोग सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावा.

आता युग पालटत आहे. आवाजाविरुद्ध उलटा आवाज सोडून त्याला मारावे, ही कल्पना जर्मनीच्या पाउल ल्यूग याने मांडली आणि १९३६ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळविले. आज ती कित्येक गाड्यांत नांदते आहे. चाकणहून आता विजेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्याही निघतात. त्यांत इंजिनच नाही. परंतु मौज पाहा! इंजिन गप्प झाल्याबरोबर टायरांची घरघर आणि वाऱ्याची शीळ ऐकू येऊ लागली. ती पूर्वीही होतीच, इंजिनाच्या आवाजाखाली झाकलेली होती. दोनशे वर्षांचा हा सारा इतिहास असाच आहे. सर्वांत मोठा आवाज बंद करावा आणि त्याच्या मागे उभा असलेला पुढे यावा. म्हणून संपूर्ण शांत गाडी ही कधीच मिळणार नाही, आणि माझ्या मते ती मिळूही नये.

कारण गाडीवानाचा तो निरोप्या आपण विसरता कामा नये. ब्रेकची गादी झिजली की ती किंचाळते, चाकाचे बेअरिंग गेले की ते गुरगुरते. ज्या गाडीत काहीच ऐकू येत नाही, तिच्यात ताशी ८० आणि ५० यांतील फरकही कळेनासा होतो. आणि ताम्हिणीच्या वळणांवर तो फरक जीवनमरणाचा असतो. त्या घाटातून विळ्याकडे उतरताना चार घटका खिडकीची काच खाली करावी. पाऊस, झरे आणि रानपाखरे यांच्याबरोबर आपल्या गाडीचाही आवाज कानी पडू द्यावा. जो आवाज त्रास देतो त्याचे मूळ शोधावे. जो काही सांगतो तो ऐकावा. आणि दोहोंतला भेद ओळखण्यास वही, पेन्सिल आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरे होते.