मुक्काम पोस्ट

घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर पत्ता होता : मु. पो. केत्तूर नं. २, ता. करमाळा, जि. सोलापूर. ‘नं. २’ कशाला, हे उजनीकाठी कुणी विचारत नाही. १९८० साली भीमेवरचं धरण पुरं झालं. जुनी गावठाणं पाण्यात गेली, माणसं वरच्या अंगाला सरकली आणि एका नावाची दोन-दोन गावं झाली. माझी नजर अडकली ती ‘मु.’वर. रात्रीपुरत्या थांब्याचा शब्द कायमच्या पत्त्यात शिरला कसा?

शब्द मूळचा अरबी. क़-व-म या धातूचा अर्थ उभं राहणं. त्यावरून दोन भावंडं : ‘मक़ाम’ म्हणजे उभं राहण्याची जागा, ‘मुक़ाम’ म्हणजे वस्तीची जागा. मराठीतला उकार बघता दुसराच आपल्याकडे आला, असं व्याकरण सांगतं. पण आपल्याकडे तो फारसीच्या वाटेनं आला आणि त्या वाटेवर ही भावंडं एकमेकांत मिसळली. म्हणून मी पहिल्याचा हक्क सोडायला तयार नाही. विटेवर उभ्या असलेल्या देवाकडे चालत निघालेली माणसं रात्रीच्या जागेला उभं राहण्याची जागा म्हणत असतील, तर ते मला फार जवळचं वाटतं.

वारीचा इतिहास ठाऊक आहेच : १६८५मध्ये नारायणमहाराजांनी सुरू केलेली पालखी, पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी लावलेली शिस्त. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी जेऊर, कंदर करत उजनीच्या अंगानं पंढरीला जाते. एका आषाढात कंदरच्या केळीच्या बागांमधून दिवसभर दिंडीसोबत चाललो. दुपारी झाडाखाली पडशी टेकली, तो ‘विसावा’, संध्याकाळी आजीबाईंनी विचारलं, “माउली, मुक्काम कुठं?” विसावा संस्कृत विश्रामाच्या घरचा आणि मुक्काम परका. एकाच दिवसात ही वाटणी का?

काहींचं म्हणणं, हैबतबाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार, त्यांच्याबरोबर लष्करी शब्द वारीत आले. चोपदार, नगारा ही साक्ष खरीच. पण लष्कराचीच भाषा उचलली असती, तर पालखीनं ‘कूच’ केलं असतं. ती तर ‘प्रस्थान’ करते! उतरते तीही छावणीत नव्हे, पालखीतळावर. माझ्या मते शब्द आला दफ्तरातून. झाडाखाली टेकायला कुणाची परवानगी लागत नाही. रात्र काढायची तर पाणी, सरपण, गावच्या पाटलाशी बोलणं लागतं. आणि या मुलखात बहमनी, निजामशाही काळापासून कारभाराची भाषा फारसी वळणाची होती. सोय जिच्या हाती, शब्द तिचा.

पत्त्याची वाटही दफ्तरातूनच गेली असणार. जुन्या पत्रांत ‘मुक्काम पुणे’ असं लिहीत, म्हणजे लिहिणारा सध्या तिथं उतरलाय एवढंच. पुढे इंग्रजी अमदानीत टपाल कचेऱ्या आल्या, ‘मुक्काम’ला ‘पोस्ट’ येऊन चिकटलं आणि उतरण्याची जागा राहण्याची झाली.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर दिसू लागतं, गाळातून घरांची जोती वर येतात. काठावरची जाणती माणसं खाली उतरतात, नातवंडांना आपला उंबरा दाखवतात, तिथंच जोत्यावर घटकाभर विसावा घेतात. दिवस कलला की मुक्कामाला वर, नंबर दोनला.