रॅफल्स प्लेसचे जुने रस्ते

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस या व्यापारी चौकाच्या जागी एके काळी टेकडी होती. 1822 मध्ये ती फोडून तिच्या मातीने नदीचा दलदलीचा दक्षिण काठ भरण्यात आला. सपाट झालेल्या जागेवर ‘कमर्शियल स्क्वेअर’ आखला गेला. 1858 मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले.

भोवतालचे रस्ते जुना भूगोल सांगतात. बॅटरी रोड हे नाव फुलर्टन किल्ल्याच्या तोफांवरून पडले. 1860 च्या दशकात बांधलेला कॉलियर की हा प्रत्यक्ष समुद्रकिनारा होता; भरावामुळे समुद्र आता दूर सरला आहे. चुलिया स्ट्रीट पूर्वी ‘क्लिंग स्ट्रीट’ म्हणून ओळखला जाई. दक्षिण भारतीयांना हा शब्द अपमानास्पद वाटू लागल्याने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीस तो बदलला. चौकातून किनाऱ्याकडे जाणारी, घासाघिशीसाठी प्रसिद्ध असलेली चेंज ॲली ही अरुंद गल्ली 1989 मध्ये बंद झाली. आज ते नाव एका वातानुकूलित मार्गाला आहे.

शहराचे अनेक आरंभीचे रस्ते आणि कॉलियर कीची समुद्रभिंत हिंदुस्थानातून आणलेल्या बंदिवानांच्या श्रमांतून उभी राहिली. त्यांत मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर धाडलेलेही होते. कॉलियर हे नाव मात्र बांधकामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे आहे.