जुन्या संगणकातून घरचा फायरवॉल कसा बनवायचा?

घरात आता फक्त मोबाइल आणि लॅपटॉपच इंटरनेटला जोडलेले नसतात. टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट बल्ब या सगळ्यांची ये-जा एकाच वाय-फाय राउटरमधून होते. राउटरमध्ये साधा फायरवॉल असतो. पण अनेक स्वस्त राउटरना काही वर्षांनी सुरक्षा अपडेट मिळणं बंद होतं. अशा वेळी अडगळीत पडलेला जुना डेस्कटॉप कामाला येऊ शकतो.

फायरवॉल काय करतो?

बाहेरून न मागवता आलेली जोडणी तो अडवतो आणि आतलं कोणतं उपकरण कुठे जाऊ शकतं हे ठरवतो. यासाठी पीएफसेन्स (सुरुवात २००४) आणि त्यातूनच निघालेलं ओपीएनसेन्स (पहिली आवृत्ती २०१५) ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. दोन्ही फ्रीबीएसडी या प्रणालीवर चालतात.

कसा संगणक लागतो?

६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी घरासाठी पुरते. महागडा प्रोसेसर लागत नाही. खरा प्रश्न नेटवर्क कार्डाचा आहे.

कार्ड कोणतं घ्यावं?

फायरवॉलला किमान दोन लॅन पोर्ट हवेत: एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, दुसरा घरासाठी. डेस्कटॉपला बहुधा एकच असतो.

• इंटेलच्या आय२१० किंवा आय३५० चिपचं कार्ड निवडावं. फ्रीबीएसडीवर त्यांचे ड्रायव्हर भरवशाचे आहेत. आय३५० दोन आणि चार पोर्टमध्ये मिळतं.
• रिअलटेक चिप विंडोजवर नीट चालते, पण फ्रीबीएसडीवर तिच्यामुळे जोडणी तुटण्याच्या तक्रारी येतात. कधी वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.
• यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर चोवीस तासांच्या कामासाठी टाळावं.
• जुन्या पीसीआय खाचेचं कार्ड घेऊ नये. त्या खाचेची एकूण क्षमता सेकंदाला १३३ एमबी असते आणि ती सगळ्या कार्डांत वाटली जाते. पीसीआय-एक्स्प्रेस कार्डच घ्यावं.
• स्लिम डेस्कटॉपमध्ये पूर्ण उंचीची पट्टी बसत नाही. कार्डासोबत छोटी पट्टी मागून घ्यावी.
• आय३५० च्या नकला बाजारात आहेत. नवं कार्ड संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर सावध राहावं. सर्व्हरमधून काढलेलं जुनं अस्सल कार्ड त्यापेक्षा बरं.

जोडणी कशी करायची?

पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअर घालताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून जुने फोटो आणि कागदपत्रं आधीच दुसरीकडे ठेवावीत. मग इंटरनेट कंपनीच्या डब्यातली वायर एका पोर्टला लावायची. दुसऱ्या पोर्टमधून निघालेली वायर घरच्या वाय-फाय राउटरला द्यायची आणि तो राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायचा. कंपनीचा डबा ‘ब्रिज’ मोडवर करून घेतला, तर एकामागे एक दोन राउटर होत नाहीत. चार पोर्टचं कार्ड असेल, तर वायरवरचे कॅमेरे वेगळ्या पोर्टवर ठेवून त्यांना बाकीच्या घरापासून तोडता येतं.

खरा खर्च कुठे?

वीजबिलात. सतत ५० वॉट खाणारा डेस्कटॉप वर्षाला ४३८ युनिट वापरतो. युनिटला १० रुपये धरले तर ४,३८० रुपये झाले. २० वॉटच्या छोट्या संगणकाला हाच खर्च सुमारे १,७५० रुपये येतो. म्हणजे फुकट मिळालेला जुना डेस्कटॉप दोन-तीन वर्षांत महाग पडू शकतो. आधी त्याचा वीजवापर मोजावा, मगच कार्ड घ्यावं. वीज गेली की फायरवॉलसोबत घरचं नेटही बंद पडतं, त्यामुळे छोटा यूपीएस लागतोच.

हे लक्षात ठेवा

फोनवर ओटीपी सांगितला किंवा बनावट लिंकवर पासवर्ड टाकला, तर कोणताही फायरवॉल वाचवू शकत नाही. आणि अपडेट न केलेला फायरवॉल जुन्या राउटरइतकाच कच्चा. महिन्यातून एकदा अपडेट तपासणं हा या कामाचाच भाग आहे.