शपथेवाचूनचे पद

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली. अध्यक्षाचे वय निदान किती असावे, त्याने शपथ कोणत्या शब्दांत घ्यावी, त्याच्या वेतनाची व्यवस्था काय असावी, या सर्व गोष्टींचा तीत काटेकोर विचार केलेला आहे. अध्यक्षाच्या पत्नीसंबंधी मात्र तीत एक अक्षरही नाही. तिला मतदार निवडून देत नाहीत, ती शपथ घेत नाही, तिला वेतन मिळत नाही आणि तिला दूर करण्याची तरतूदही नाही. असे असूनही सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हे न लिहिलेले पद त्या देशाच्या सार्वजनिक जीवनात नांदत आले आहे. सत्ता आणि सेवा यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या या पदाचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा मार्था वॉशिंग्टन यांच्यापुढे कोणताच आदर्श नव्हता. राजाला झुगारून देणाऱ्या त्या राष्ट्राला राणी नको होती, पण राष्ट्राच्या वतीने पाहुण्यांचे आगतस्वागत करणारी यजमानीण हवी होती. मार्थाबाई दर शुक्रवारी सायंकाळी लोकांना भेटत. त्याच वर्षी आपल्या भाचीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःला सरकारी कैद्याची उपमा दिली आहे. परंतु ज्या घरची यजमानीण स्वतःला कैदी म्हणवीत होती, त्याच घरात खरोखरीचे बंदिजनही होते. मार्थाबाईंची सेवा करणारी ओना जज ही गुलाम तरुणी १७९६ च्या मे महिन्यात, घरची मंडळी भोजनाला बसली असता, फिलाडेल्फियातील अध्यक्षनिवासातून निघून गेली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. पण ती परतली नाही. पहिल्या अध्यक्षपत्नीची कथा सांगताना ही दुसरी कथा वगळता येत नाही.

दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल या मोठ्या बुद्धिमान. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वाचन मात्र अफाट होते. १७७६ च्या मार्चमध्ये, पती फिलाडेल्फियाच्या प्रतिनिधिसभेत बसले असताना, त्यांनी पत्रातून बजावले की नवे कायदे करताना स्त्रियांचे स्मरण ठेवावे आणि पतींच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नये. अ‍ॅडम्स यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. त्याच वर्षीच्या जुलैत निघालेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात समतेचा जो उद्घोष झाला, तो पुरुषवाचक शब्दातच झाला. अ‍ॅबिगेलबाईंच्या त्या पत्राला उत्तर मिळावयास पुष्कळ काळ जावा लागला.

चौथ्या अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांचे नाव एका धाडसाशी जोडले गेले आहे. १८१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौजा राजधानीवर चालून आल्या. निवासस्थान सोडण्यापूर्वी वॉशिंग्टन यांचे मोठे तैलचित्र हलविल्याखेरीज पाऊल बाहेर टाकावयाचे नाही, असा डॉलीबाईंनी हट्ट धरला. चौकट फोडून चित्र बाहेर काढण्यात आले आणि त्याच रात्री ती वास्तू शत्रूने जाळली. पुढे १८६५ साली पॉल जेनिंग्ज यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. ते त्या वेळी त्या घरात गुलाम म्हणून राबत होते. चित्र प्रत्यक्ष उतरविले ते द्वारपालाने आणि माळ्याने, असे त्यांनी नमूद केले आहे. आज्ञा देणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. हात लावणाऱ्यांची नावे कोणी तरी लिहून ठेवावी लागतात.

या पदातील धोका उघड झाला तो १९१९ साली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ऑक्टोबरच्या आरंभी पक्षाघाताचा झटका आला. त्यांच्या पत्नी एडिथ विल्सन यांनी रुग्णशय्येभोवती जणू तटबंदीच उभारली. कोणता कागद अध्यक्षांपुढे जावा आणि कोणता जाऊ नये, हे त्या ठरवू लागल्या. आपण एकही निर्णय घेतला नाही, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले. पण काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे ठरविणे हाच मुळी राज्यकारभारातील मोठा निर्णय नव्हे काय? दुखण्याचे खरे स्वरूप जनतेपासून लपविण्यात आले, आणि त्याच काळात सेनेटने व्हर्सायचा तह फेटाळला. देशभरातील स्त्रियांना मताधिकाराची घटनात्मक हमी मिळाली ती १९२० च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे त्यापूर्वीच एक स्त्री कोणालाही जबाबदार नसताना अध्यक्षांच्या दाराशी बसली होती. अध्यक्ष असमर्थ झाल्यास काय करावे, याचे स्पष्ट उत्तर राज्यघटनेत यावयास १९६७ सालची पंचविसावी दुरुस्ती यावी लागली.

याच पदाचे दुसरे टोक म्हणजे एलिनॉर रुझवेल्ट. पतीचे पाय १९२१ पासून अधू झालेले. तेव्हा १९३३ नंतर देशभर हिंडून खाणकामगार, शेतकरी, बेकार यांची स्थिती पाहून येण्याचे काम त्यांनी केले. त्या केवळ स्त्री-वार्ताहरांसाठी पत्रकार परिषदा घेत. त्यामुळे वृत्तपत्रांना स्त्रियांना नोकरीत ठेवणे भाग पडे. १९३९ साली एका प्रतिष्ठित महिलासंस्थेने थोर कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना आपले सभागृह नाकारले, तेव्हा एलिनॉरबाईंनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. ईस्टरच्या रविवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ते गायन झाले आणि सुमारे ७५,००० लोकांनी ते ऐकले.

पतीच्या निधनानंतर त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. सुरतेत जन्मलेल्या आणि मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या या विदुषीने जाहीरनाम्याच्या मसुद्यातील पुरुषवाचक शब्दाला हरकत घेतली. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल, तेथे ‘सर्व मानव’ असे असावे, असा त्यांचा आग्रह होता. तो अखेर मान्य झाला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जो जाहीरनामा संमत झाला, त्याच्या पहिल्याच कलमात तो शब्द आहे. अ‍ॅबिगेलबाईंच्या पत्राला १७२ वर्षांनी मिळालेले हे उत्तर एका अध्यक्षपत्नीच्या अध्यक्षतेखाली आणि एका भारतीय स्त्रीच्या आग्रहातून आले.

नंतरच्या काळात या पदाला थोडे कायद्याचे अधिष्ठान लाभले. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांच्या जोडीदाराला कार्यालयीन साहाय्य मिळू लागले. बेटी फोर्ड यांनी १९७४ मध्ये आपला स्तनाचा कर्करोग न लपविता जाहीर केला, आणि असंख्य स्त्रिया तपासणीस पुढे आल्या. हिलरी क्लिंटन २००० साली स्वतः सेनेटवर निवडून आल्या. जिल बायडन यांनी २०२१ पासूनच्या चार वर्षांत आपले अध्यापन चालू ठेवले. आपली स्वतंत्र नोकरी सांभाळणाऱ्या त्या पहिल्याच अध्यक्षपत्नी.

एडिथ विल्सन यांनी दार बंद केले, एलिनॉर रुझवेल्ट यांनी ते उघडले. दोघींपाशी अधिकार सारखाच होता, म्हणजे कायद्याने काहीच नव्हता. फरक पडला तो इतकाच की, एकीने राष्ट्राला अध्यक्षांपासून दूर ठेवले आणि दुसरीने ते अध्यक्षांपर्यंत आणून पोचविले. शपथ नसलेल्या पदाचे मोल याच कसोटीवर ठरते.