विद्युत-रासायनिक घट

रासायनिक व विद्युत ऊर्जेचे परस्परांत रूपांतर करणारी रचना. आपोआप होणाऱ्या विक्रियेतून वीज देणारा तो गॅल्व्हानी घट. बाहेरून वीज पुरवून आपोआप न होणारी विक्रिया घडवणारा तो विद्युत अपघटनी घट. दोन्हींत ॲनोडवर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) आणि कॅथोडवर क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) होते. गॅल्व्हानी घटात ॲनोड ऋण असतो, अपघटनी घटात धन.

इतिहास : व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युत-चिती जाहीर केली. त्याच वर्षी निकोलसन व कार्लाइल यांनी तिच्या विजेने पाण्याचे अपघटन केले.

गॅल्व्हानी घट : तांबे-चांदी घटात तांब्याची पट्टी कॉपर नायट्रेटच्या, तर चांदीची सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून चांदीकडे जातात व तेथे चांदीचे आयन धातुरूपाने जमतात. प्रमाण स्थितीत ०.४६ व्होल्ट मिळतात. दोन्ही द्रावणांतील विद्युत समतोल क्षार-सेतू राखतो. तो नसेल तर प्रवाह थांबतो. सेतूत पोटॅशियम नायट्रेट वापरतात, कारण क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो.

विद्युत अपघटनी घट : याच घटाला उलट दिशेने ०.४६ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिला की चांदी विरघळते आणि तांबे जमते. शिसे-आम्ल बॅटरी याच तत्त्वावर चालते : वीज देताना ती गॅल्व्हानी, चार्ज होताना अपघटनी. चांदीच्या शुद्धीकरणात अशुद्ध चांदी ॲनोड असते. कॅथोडवर शुद्ध चांदी जमते, सोने तळाच्या गाळात उरते. फॅराडे यांच्या नियमानुसार जमणारा धातू वाहिलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो : ९६,४८५ कूलोमला १०७.८७ ग्रॅम चांदी.

म्हैसूरची शाई : हेच सिल्व्हर नायट्रेट मतदाराच्या बोटावरील शाईत असते. म्हैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड ही कर्नाटक सरकारची कंपनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई पुरवते. कारखान्याची स्थापना १९३७ मध्ये म्हैसूर संस्थानात झाली. त्वचेवरील मिठामुळे सिल्व्हर क्लोराइड बनते. घटात अडचण ठरणारा साका इथे उपयोगी पडतो. पुढचे क्षपण मात्र विजेने नव्हे, प्रकाशाने होते. म्हणून ही शाई प्रकाशापासून जपावी लागते. तयार झालेली बारीक काळी चांदी पाण्यात विरघळत नाही. त्वचा झडून व नख वाढूनच डाग जातो.