भंडारदरा धरणाची दुरुस्ती : एका पकडीचा इतिहास

आपल्या जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर, भंडारदऱ्याचे धरण उभे आहे. शाळेच्या सहलीत पुष्कळ विद्यार्थ्यांनी ते पाहिले असेल. परंतु १९६९ साली या धरणावर कोणता प्रसंग ओढवला आणि त्यातून ते कसे सावरले, ही हकीकत फारच थोड्यांना ठाऊक असते. ती समजून घेण्यास मोठे गणित लागत नाही. लाकडात स्क्रू पिळणाऱ्या सुताराला तिचे मर्म आधीच माहीत असते.

धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्यास विल्सन धरण म्हणू लागले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत चुन्यात बांधलेली आहे. तिने अडविलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांना मिळते. तेथील ऊस, साखर कारखाने आणि हजारो घरांची रोजची भाकरी या पाण्यावरच उभी राहिली.

असे धरण तगते ते स्वतःच्या वजनावर. पाणी ८० मीटर खोल असेल, तर तळाशी दर चौरस मीटरवर ८० टन दाब पडतो आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला एकूण सुमारे ३,२०० टनांचा रेटा बसतो. शिवाय पाणी पायाच्या फटींतून आत शिरून धरणाला खालून वर उचलू पाहते. फ्रान्समधील बूझे येथील धरण १८९५ साली फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या उचलीचे महत्त्व जगाला कळू लागले. तरीही पुढे कित्येक वर्षे धरणांच्या हिशेबात तिला आजच्याइतके स्थान नव्हते.

डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेला भूकंप होऊन तेथील धरणाला तडे गेले होते. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६९ साली, भंडारदऱ्याच्या भिंतीत तडा आढळला व मोठी गळती सुरू झाली. खाली नदीकाठी वस्ती, शेती आणि गावे होती. नवे धरण बांधण्यास वेळ नव्हता. तेव्हा तातडीचा उपाय म्हणून पोलादी केबलींनी धरण खडकाला जखडण्यात आले आणि पुढे कायमचा उपाय म्हणून मागील बाजूस आधारभिंती बांधल्या गेल्या.

अशी केबल कशी बसवितात? धरणाच्या माथ्यावरून थेट खालच्या खडकापर्यंत भोक पाडतात. त्यात मजबूत तारांची केबल सोडून तिचे खालचे टोक सिमेंटच्या रसाने खडकात पक्के करतात. सिमेंट घट्ट झाल्यावर वरून जॅक लावून केबल ताणतात आणि ताणलेल्या स्थितीतच अडकवितात. ती आखडू पाहते, त्यामुळे धरण खाली दाबले जाते. जणू त्याचे वजनच वाढते. आंद्रे कोयन या फ्रेंच अभियंत्याने अल्जेरियातील शेर्फा धरणावर १९३४ साली ही युक्ती प्रथम वापरली. तेथील एकेक केबल सुमारे १,००० टन ओढीची होती.

सारा भरवसा खालच्या टोकाच्या पकडीवर असतो. ती चार प्रकारे दगा देऊ शकते : पोलाद तुटेल, पोलाद सिमेंटातून निसटेल, सिमेंट खडकापासून सुटेल, किंवा खडकाचा गड्डाच उपटून येईल. फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या तुळयांत आटे पाडलेली सळई डिंकासारख्या रसायनाने बसवितात, तेथेही हाच हिशेब चालतो. समजा, १६ मिलिमीटर जाडीची सळई ३०० मिलिमीटर खोल बसविली. पकडीचा पृष्ठभाग सुमारे १५० चौरस सेंटिमीटर झाला. दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो पकड धरली, तर ती ६ टनांपर्यंत उपटणार नाही. साध्या पोलादाची तशी सळई मात्र ४ टनांच्या आसपासच ताणून लांबू लागते. हेच हवे असते. पोलाद लांबते तेव्हा डोळ्यांना दिसते, सावध होण्यास वेळ मिळतो; लाकूड वा खडक मात्र एकाएकी सुटतो. खोली दुप्पट केली म्हणून पकडही दुप्पट होईल, असेही नाही, कारण ओढीचा मोठा भाग तोंडाजवळच्या पकडीवर पडतो. म्हणूनच नुसत्या आकडेमोडीवर न विसंबता प्रत्यक्ष ओढून परीक्षा घ्यावी लागते.

केबलीला गंज चढू शकतो आणि तिचा ताणही वर्षानुवर्षे थोडा सैल होतो. यामुळेच भंडारदऱ्याला आधारभिंतींची जोड देण्यात आली. आज धरणाने शंभरीकडे वाटचाल केली आहे आणि प्रवरेचे कालवे वाहत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सुतारकाम, गवंडीकाम, फिटरचे काम चालते. वडील स्क्रू पिळताना लाकूड का फाटते, भिंतीतला खिळा का निसटतो, हे त्यांना जरूर विचारा. पालकांनीही मुलामुलींच्या अशा प्रश्नांना वेळ द्यावा. ज्या ज्ञानाने भंडारदरा वाचला, त्याची पहिली पायरी आपल्या कारखान्यात आणि अंगणातच आहे.