काचबिंदू: समोरचं स्वच्छ दिसतं, तरी नजर जात असते

इंदूरच्या लालबाग पॅलेसच्या फाटकासमोर तुम्ही उभे आहात असं समजा. होळकरांचा हा राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात बांधला गेला. समोरचं फाटक, मागची इमारत, सगळं नीट दिसतंय. पण बाजूने आलेला सायकलवाला अगदी जवळ आल्यावरच कळतो. काचबिंदूत बहुतेकांची नजर अशीच कडेकडून कमी होते. वाचता येतं, माणसं ओळखू येतात, म्हणून डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही.

नावाचा घोटाळा

मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन वेगळे शब्द आहेत. मध्य प्रदेशात हिंदीत मात्र काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात, गुजरातेत ‘झामर’. ‘काला मोतिया’ ऐकून घरचे म्हणतात, “मोतियाच आहे ना? पिकला की ऑपरेशन करू.” इथेच घात होतो.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते बदललं की, बाकी डोळा चांगला असेल तर, पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. त्यामुळे गेलेली नजर औषधाने, लेसरने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. उपचार उरलेली नजर राखण्यासाठी असतात. म्हणून वाट पाहणं महागात पडतं.

नजर का जाते?

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. हे अश्रू नव्हेत. निचरा नीट झाला नाही की डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नसेवर ताण येतो. साधारण १० ते २१ हे प्रेशर नॉर्मल धरतात, पण नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होऊ शकतो.

कळत का नाही?

एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो. उरलेली पोकळी मेंदू सांधून घेतो, त्यामुळे काळा डाग सहसा दिसत नाही. लक्षात येतं ते असं: पायरी चुकणं, दाराच्या चौकटीला खांदा लागणं, गाडी चालवताना बाजूचं वाहन उशिरा दिसणं. भारतात सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत तो सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला हा आजार आहे हे माहीतच नव्हतं.

एक प्रकार मात्र अचानक येतो

डोळा लाल होणं, असह्य दुखणं, डोकेदुखी, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, नजर धूसर होणं. हे पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढू नका. त्याच वेळी नेत्र विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. इथे तासातासाला फरक पडतो.

तपासणी कोणी करावी?

चाळिशीनंतर सगळ्यांनीच. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मोठा मायनस नंबर असेल, मधुमेह असेल किंवा डोळ्याला जुना मार असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आधीपासून. दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस घालणंही धोक्याचं.

फक्त चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. “प्रेशर आणि डोळ्याची नस बघा,” असं स्पष्ट सांगा. गरज पडल्यास डॉक्टर फील्ड टेस्ट करतात, तीत बाजूची नजर किती उरली हे मोजलं जातं.

उपचार सुरू झाल्यावर

थेंब बहुधा कायमचे असतात. बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा, काही थेंब अशा रुग्णांना चालत नाहीत.

जळगाव-बुऱ्हाणपूरकडचे लोक कधी इंदूरला, कधी मुंबई-पुण्याला दाखवतात. प्रत्येक वेळी जुनी फाइल आणि फील्ड टेस्टचे कागद सोबत न्या. आजार वाढतोय की थांबलाय, हे जुन्या-नव्या कागदांची तुलना करूनच कळतं.

घरात कुणाला ‘काला मोतिया’ सांगितला असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना आजच कळवा. त्यांची नजर अजून वाचू शकते.